गिरगाव ते क्रॉफर्ड मार्केट : नाटक आणि बाजार एकाच फेरीत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नेमका कुठला भाग म्हणताय?

दक्षिण मुंबईतला, पश्चिमेला चर्नी रोड स्टेशन आणि पूर्वेला क्रॉफर्ड मार्केट यांच्या मधला पट्टा. गिरगाव, ठाकूरद्वार, सी. पी. टँक, भुलेश्वर, काळबादेवी, झवेरी बाजार, धोबीतलाव हे सगळं त्यात आलं. उत्तरेला ग्रँट रोडपर्यंतही जावं लागतं, कारण नाटकाची गोष्ट तिथूनच सुरू होते. नकाशावर हे सगळं हाताच्या पंजाएवढं दिसतं. प्रत्यक्षात एक गल्ली ओलांडायला कधी कधी पाव तास जातो, कारण समोरून कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेली हातगाडी येत असते आणि तिला कुणीही थांबवू शकत नाही.

कुठल्या दिवशी यावं?

शनिवारी. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. रविवारी नाटक मिळेल, पण मंगलदास आणि मुळजी जेठा ही कापडाची मार्केटं आणि झवेरी बाजार बंद असतात, क्रॉफर्ड मार्केटमध्येही निम्मी शटरं खाली दिसतात. मधल्या वारी बाजार जोरात असतो, पण मराठी नाटकाचा प्रयोग मिळेलच असं नाही. दोन्ही हवं असेल तर शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास बाजारात शिरायचं, दुपारी कुठेतरी टेकायचं आणि संध्याकाळी नाटकाला बसायचं. अकराच्या आधी येऊन उपयोग नाही, व्यापारी तेव्हा अजून दिवाबत्ती करत असतात. अपवाद फक्त फुलं आणि फळं. ती पहाटेची.

यायचं कसं? गाडी आणू का?

गाडी आणू नका. खरंच आणू नका. पार्किंग मिळत नाही, आणि मिळालंच तर परत निघेपर्यंत समोर कुणाचा तरी टेम्पो उभा असतो.

पश्चिम रेल्वेने आलात तर गिरगावासाठी चर्नी रोड, धोबीतलावासाठी मरीन लाइन्स. मध्य रेल्वेने आलात तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तिथून क्रॉफर्ड मार्केट चालत दहा मिनिटं. ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण धावू लागली आहे आणि तिची काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड ही तिन्ही स्थानकं या पट्ट्यात पडतात. त्या स्थानकांसाठी इथल्या काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या, लोकांना घरं सोडावी लागली. गिरगावकरांसमोर मेट्रोचं कौतुक जरा जपून करा.

या भागाला नाटकांचा भाग का म्हणतात?

मुंबईत इंग्रजांचं पहिलं थिएटर १७७६ साली उभं राहिलं ते बॉम्बे ग्रीनवर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलपाशी. ते कर्जात बुडालं. पुढचं थिएटर १८४६मध्ये झालं ते ग्रँट रोडला, आणि त्यासाठी जागा दिली नाना शंकरशेट यांनी. तेव्हा ग्रँट रोड म्हणजे गावाबाहेर. कोटात, म्हणजे फोर्टात राहणाऱ्या साहेबमडमांना रात्री तिथवर जाणं जिवावर येई. त्यामुळे थिएटर हळूहळू देशी मंडळींच्या हाती आलं. १८५३मध्ये सांगलीहून विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन मुंबईत आले आणि याच थिएटरात तिकीट लावून त्यांनी खेळ केले. त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीही इथे उभी राहिली. मराठी, पारशी, गुजराती आणि उर्दू रंगभूमी एकाच रस्त्यावर वाढल्या. एकमेकींचे पडदे, पेटीवाले आणि चाली उचलत वाढल्या, असंही म्हणता येईल.

यामागे पैसा बाजाराचा होता, हे मात्र बहुतेक लोक विसरतात. कापूस, कापड आणि सोन्याचे व्यापारी शेजारीच राहत. पेढी बंद करून ते नाटकाला येत, कुणी मंडळींना कर्ज देत, कुणी थिएटरं बांधत. म्हणून हा भाग पाहताना नाटक एक दिवस आणि खरेदी दुसऱ्या दिवशी अशी विभागणी करू नये, असं माझं मत आहे.

८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या दोन प्रतिस्पर्धी मंडळींनी मिळून टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केलं, तेही इथल्याच बालीवाला थिएटरात. जुन्या गिरगावकरांना विचारा, त्यांच्या आजोबांपैकी कुणी ना कुणी त्या प्रयोगाला होतंच. सगळ्यांचे आजोबा एका थिएटरात मावले कसे, हे विचारू नका.

मग आज मराठी नाटक कुठे पाहायला मिळेल?

गिरगावात केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघाचं डॉ. अ. ना. भालेराव नाट्यगृह आहे. संघ १९३५चा, नाट्यगृह १९६४चं. चर्नी रोडला पूर्वेला उतरून चालत पाच-सात मिनिटं. पहिल्यांदा जाणारा हमखास चुकतो, कारण एवढं मोठं नाट्यगृह एका वाडीच्या आत असेल असं वाटतच नाही. विचारताना ‘साहित्य संघ’ म्हणा, भालेराव नाट्यगृह म्हटलंत तर समोरचा क्षणभर विचारात पडेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. व्यावसायिक मराठी नाटकाचं केंद्र आता गिरगाव राहिलेलं नाही. प्रेक्षक चाळी सोडून बोरिवली, डोंबिवली, विरारला गेला आणि नाटक त्याच्यामागे गेलं. दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे आणि कल्याणचं अत्रे रंगमंदिर इथे जास्त प्रयोग लागतात. म्हणून निघण्याआधी वर्तमानपत्रातली नाटकांची जाहिरात किंवा तिकिटांचं अ‍ॅप बघाच. नाट्यगृहं अधूनमधून दुरुस्तीसाठीही बंद असतात. संघात प्रयोग नसेल तर ऑपेरा हाउस किंवा चौपाटीवरच्या भारतीय विद्या भवनाचा कार्यक्रम पाहा. भवनात गुजराती नाटकंही चांगली होतात आणि भाषा अडत नाही.

रॉयल ऑपेरा हाउस आतून बघता येतं का?

सरळ मार्ग म्हणजे एखाद्या कार्यक्रमाचं तिकीट काढायचं. नाटक, गाणं, विनोदी कार्यक्रम असं काही ना काही तिथे सुरू असतं. स्वस्तातलं वरच्या मजल्याचं तिकीट काढलंत तरी छत जवळून दिसतं, आणि इथे छतच पाहण्यासारखं आहे.

कलकत्त्याहून आलेला मॉरिस बँडमन आणि कोळशाचे दलाल जहांगीर फरामजी कराका यांनी हे बांधायला घेतलं. १९११मध्ये बांधकाम पुरं होण्याआधीच पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन उरकलं गेलं. ऑपेरा मुंबईत फार चालला नाही. इथे गाजले ते बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर आणि पृथ्वीराज कपूर. पुढे त्याचं सिनेमागृह झालं, १९५२मध्ये गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतलं आणि १९९३मध्ये कुलूप लागलं. बरीच वर्षं लोक त्याच्या बसस्टॉपवर उभे राहत आणि मागच्या इमारतीकडे पाहतही नसत. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६मध्ये ते पुन्हा उघडलं.

गेलात तर पहिल्या घंटेच्या आधी आत जा. बाजूच्या बॉक्सचे सोनेरी नक्षीचे कठडे, प्रवेशदालनातली झुंबरं हे सगळं दिवे चालू असतानाच नीट दिसतं.

बाकीच्या जुन्या थिएटरांचं काय झालं?

बहुतेक गेली. गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, ते थिएटर आता नाही. १४ मार्च १९३१ रोजी भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ लागला तो मॅजेस्टिकमध्ये, तिथे आज मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. काळबादेवीला भांगवाडीत देशी नाटक समाजाची गुजराती नाटकं वर्षानुवर्षं हाउसफुल चालत. थिएटर गेलं, पण रस्त्यावरची हत्तीची कमान आहे. काळबादेवी रोडने चालताना मान वर ठेवलीत तरच ती दिसेल, नाहीतर खाली पाट्या आणि पुतळ्यांवर लटकवलेले कपडे एवढंच दिसतं. त्याच रस्त्यावर धोबीतलावच्या टोकाला एडवर्ड थिएटरची इमारत आहे.

धोबीतलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे बंद पडलं. मुंबईच्या मधोमध खुल्या आकाशाखालचा रंगमंच असा ओस पडू देणं मला कधीच पटलं नाही.

गोव्याच्या तियात्राचा, म्हणजे कोकणी संगीत नाटकाचा, या भागाशी संबंध आहे म्हणतात, ते खरं का?

खरं. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग गोव्यात नव्हे, मुंबईत झाला. १७ एप्रिल १८९२ रोजी न्यू अल्फ्रेड थिएटरात लुकासिन्हो रिबेरो यांनी तो केला, आणि तो दिवस आजही तियात्र दिन म्हणून पाळतात. बोटीवर खलाशी, खानसामे म्हणून जाणारे गोवेकर धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या क्लबांत, म्हणजे ‘कुडां’त राहायचे, तियात्राचा प्रेक्षक तोच. धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत असे क्लब होते. खाली कयानी या इराणी हॉटेलात चहा घेताना वरच्या मजल्यांकडे एकदा नजर टाका.

बाजार कुठून सुरू करावा?

क्रॉफर्ड मार्केटपासून, आणि पश्चिमेकडे चालत या. उलट आलात तर दिवसाच्या शेवटी तुम्ही हातात पिशव्या घेऊन साहित्य संघापासून सगळ्यात लांब असाल.

क्रॉफर्ड मार्केट म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९मध्ये बांधून झालं. नाव मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचं, आराखडा विल्यम एमर्सन यांचा. आत घुसायची घाई करू नका. दरवाज्यावरच्या कमानीत दगडात कोरलेले शेतकरी आहेत, ते जॉन लॉकवूड किपलिंग यांचं काम. समोरच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकवत. १८८२मध्ये इथे विजेचे दिवे लागले. पुनर्विकासामुळे काही विभाग इकडचे तिकडे हलले आहेत, त्यामुळे पाचेक वर्षांपूर्वीच्या आठवणीवर विसंबू नका, कुठल्याही पाटीवाल्याला विचारा. पलीकडेच सरदारगृह आहे. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी इथेच गेले.

तिथून शेख मेमन स्ट्रीटला वळायचं. डावीकडे मंगलदास मार्केट, छताखालच्या गल्ल्यांमध्ये फक्त कापड. दुकानदार गादीवर बसलेला, तुम्ही समोर फळीवर टेकायचं, आणि तो एका झटक्यात ताग्याची घडी सोडतो, की कापड तुमच्या मांडीपर्यंत येऊन पसरतं. ‘नुसतं बघतोय’ म्हटलंत तरी तो चार तागे उघडतोच, त्याचा संकोच बाळगू नका, गुंडाळायला माणूस असतो.

पुढे जुम्मा मशीद. १८०२मध्ये पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे, आणि आत पाण्याचं कुंड आजही आहे. नमाजाची वेळ टाळून, दारावर विचारून जा.

मग झवेरी बाजार. रस्त्यावरची चकचकीत दुकानं म्हणजे झवेरी बाजाराचा दर्शनी भाग. खरं काम वरच्या मजल्यांवर, अरुंद जिन्यांच्या टोकाला चालतं. तिथल्या खोल्यांत बंगाली कारागीर मांडी घालून ठोकणी, घडाई करत असतात. सकाळी लवकर आलात तर काही माणसं कारखान्यांच्या पायऱ्या आणि गटारांच्या कडा बारीक ब्रशने झाडून धूळ गोळा करताना दिसतील. त्या धुळीत सोन्याचे कण असतात. ती धुऊन, गाळून त्यांचं घर चालतं. त्यांचे फोटो न विचारता काढू नका, आणि झवेरी बाजारात एकूणच कॅमेरा जपून वापरा, सुरक्षारक्षक हटकतात.

मुंबादेवीचं दर्शन घेऊन तांबाकाट्यावर या. तांब्या-पितळेची भांडी इथे वजनावर मिळतात. बंब, घंगाळ, समया, हंडे असं सगळं. पुढे भुलेश्वर, आणि तिथून सी. पी. टँक, माधवबाग करत व्ही. पी. रोडने प्रार्थना समाजाच्या नाक्यापर्यंत. सगळं मिळून अडीच-तीन किलोमीटर, पण चार तास धरून चाला.

भुलेश्वरात एवढं काय आहे?

देवाचे पोशाख. गोकुळातल्या बाळकृष्णापासून मोठ्या मूर्तीपर्यंत मापात शिवलेले घागरे, मुकुट, बासऱ्या. शेजारी नवरीचे इमिटेशनचे दागिने, टिकल्यांची पाकिटं, गंगावनं, फेटे, जरीची लेस मीटरवर. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी शिवाजीमहाराजांचा जिरेटोप हवा असलेली आई आणि मंदिरासाठी छत्र घ्यायला आलेले पुजारीबुवा एकाच दुकानात ताटकळत असतात. थिएटरं गेली तरी त्यांच्यावर वाढलेला हा माल, नकली दागिने, जर, टोप, मुकुट, अजून खपतो. गिऱ्हाईक बदललं, एवढंच.

आणि फुलांची गल्ली. चिखल असतो, साडी थोडी वर धरा.

घासाघीस करायची का?

जागा पाहून. मंगलदासमध्ये थोडीफार होते, विशेषतः दोनतीन ड्रेस एकदम घेतलेत तर. भुलेश्वरात भरपूर. तांबाकाट्यावर धातूचा भाव ठरलेला असतो, घडणावळीवर बोला. झवेरी बाजारात सोन्याच्या भावावर वाद घालू नका, मजुरीवर घाला, आणि हॉलमार्क व पावती घेतल्याशिवाय उठू नका. ‘बिल हवं तर भाव वेगळा’ असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. गुजरातीत ‘केटला?’ म्हटल्याने भाव उतरतो, हा समज आहे. त्यांना तुमचा उच्चार पहिल्या अक्षरात कळतो.

लग्नाचा बस्ता इथे पूर्ण होईल का?

होईल, पण एका दिवसात नाही. पत्रिका गिरगावात खाडिलकर रोडला, म्हणजे जुन्या कांदेवाडीत, तिथे पत्रिकेच्या दुकानांची रांगच आहे. दागिने झवेरी बाजार किंवा चिराबाजार. कापड मंगलदास, रुखवताची भांडी तांबाकाटा, बाकी नट्टापट्टा भुलेश्वर. एक सल्ला: पत्रिकेला सगळी वडीलमंडळी एकदम नेऊ नका. मजकुरात ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ठेवायचं की नाही, यावर दुकानातच दुपार जाते.

खायचं काय?

सकाळी ग्रँट रोड स्टेशनसमोर बी. मेरवान, मावा केक, उशिरा गेलात तर संपलेला असतो. धोबीतलावला कयानी, बन मस्का आणि चहा. क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहचा फालुदा. काळबादेवीत ठक्करांच्या भोजनालयात गुजराती थाळी, पण ती जेवून तीन तासांचं नाटक बघायचं धाडस करू नका, दुसऱ्या अंकात डोळा लागतो. ठाकूरद्वार-फणसवाडीच्या बाजूला विनय हेल्थ होमची मिसळ. गिरगावात पणशीकरांकडे पीयूष आणि साबुदाणा वडा. प्रिन्सेस स्ट्रीटला पारसी डेअरीची कुल्फी.

मध्यंतरातल्या बटाटावड्यासाठी पडदा पडताच उठावं लागतं. शिष्टाचार वगैरे ठीक आहे, पण रांग लांब असते.

खोताची वाडी बघायला जाऊ शकतो का?

जाऊ शकता, रस्ता सार्वजनिक आहे. लाकडी जिने, रंगीत व्हरांडे, उतरती कौलं असलेली ही ईस्ट इंडियन आणि पाठारे प्रभू कुटुंबांची जुनी वस्ती आहे, आणि घरं दर काही वर्षांनी कमी होत आहेत. लोक तिथे राहतात. दुपारी दोन ते चारमध्ये जाऊ नका, व्हरांड्यात वाळत घातलेल्या कपड्यांसकट फोटो काढू नका, आणि लग्नाआधीच्या फोटोशूटसाठी छायाचित्रकारांचा ताफा तर नकोच.

चाळीतल्या गणपतीचं काय?

खाडिलकर रोडवरच्या केशवजी नाईक चाळीत १८९३पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो, मुंबईतला सगळ्यात जुना. १९०१मध्ये टिळकांनी तिथे भेट दिली होती. मूर्ती लहान, आवाज बेताचा. रांगेत तासन् तास उभं राहायची हौस नसलेल्यांनी इथेच यावं. अनंत चतुर्दशीला मात्र सगळ्या मिरवणुका चौपाटीकडे वळतात आणि हा पूर्ण भाग गाड्यांना बंद होतो. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेलाही तसंच. त्या दिवशी बाजार विसरा, सकाळी नऊवारी-फेट्यातली गर्दी बघायला या.

चोरबाजारही याच फेरीत होईल का?

नको. मटन स्ट्रीटला वेगळा दिवस द्या, आणि तो शुक्रवार नको, तेव्हा दुकानं बंद असतात. शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जुना बाजार भरतो, तो ज्यांना भंगारातून शोधाशोध करायची असते त्यांच्यासाठी.

आईवडील थकलेले आहेत, त्यांना घेऊन यावं का?

बाजाराचा चार तासांचा फेरा नको. पदपथ चढउताराचे, बसायला जागा नाही, आणि स्वच्छ शौचालय हा या भागाचा खरा प्रश्न आहे. उपाहारगृहात बसलात की तिथलंच वापरून घ्या, स्टेशनवरचं शेवटचा पर्याय समजा. त्यांना टॅक्सीने थेट मुंबादेवी किंवा माधवबाग, मग पणशीकर, मग नाटक असं न्या. तिकीट काढताना जिन्याजवळची नव्हे, दाराजवळची खुर्ची मागा.

पावसाळ्यात आलं तर?

भुलेश्वर आणि सी. पी. टँकला पाणी साचतं. मंगलदास छताखाली आहे, तेवढंच करा आणि नाटकाला जा. छत्रीपेक्षा टोपी बरी, गल्लीत दोन छत्र्या समोरासमोर आल्या की कुणीच पुढे सरकत नाही.

रात्री नाटक सुटल्यावर परत कसं जायचं?

रात्रीचा प्रयोग अकराच्या पुढेही सुटतो. मेट्रोची शेवटची गाडी आधी बघून ठेवा. चर्नी रोडहून विरार-बोरिवलीच्या लोकल उशिरापर्यंत असतात. मध्य रेल्वेवाल्यांनी चर्नी रोडहून दादरला जाऊन गाडी बदलावी किंवा टॅक्सीने थेट टर्मिनस गाठावं. टॅक्सी वाडीच्या तोंडाशी मिळत नाही, प्रार्थना समाजाच्या नाक्यावर या.